झटपट जेवण बिघडते ते पाण्यावर: पिठले, डाळ, खिचडी आणि थालीपीठ यांच्या नेहमीच्या तक्रारी

दुपारचे साडेबारा वाजले आहेत, घरात भाजी नाही आणि बाजारात जाऊन येण्याइतका वेळ नाही, अशी वेळ आठवड्यातून एकदा तरी येतेच. डब्यांत बेसन, मूगडाळ, तांदूळ, पोहे, भाजणी, शेंगदाणे आणि टोपलीत कांदा-लसूण एवढे असले की अर्ध्या तासात पोटभर जेवण उभे राहते, हे आपल्याला माहीत असते. तरीही नेमके त्याच दिवशी पिठल्यात गुठळ्या होतात, डाळ पाच शिट्ट्यांनंतरही दाण्यादाण्याची राहते, खिचडीचा गचका होतो किंवा थालीपीठ तव्यावर उलटताना दुभंगते. मी बरीच वर्षे याचा दोष मसाल्याला, पातेल्याला आणि स्वतःच्या घाईला देत आलो. एकेक तक्रार वेगळी काढून पाहिली तेव्हा ध्यानात आले की यांतल्या बहुतेक सगळ्या पाण्यापाशी येऊन थांबतात: पाणी किती, केवढे गरम, कोणत्या क्षणी, आणि एका प्रकरणात तर ते आले कुठून. म्हणून पुढे नवीन पाककृती नाहीत. जे पदार्थ आपण करतोच, ते कुठे अडतात आणि अडल्यावर काय करावे, एवढेच आहे. प्रमाणे दोन माणसांच्या जेवणाची आणि नेहमीच्या आमटीच्या वाटीची आहेत.

पिठल्यात गुठळ्या होतात

ही तक्रार सर्वांत जुनी आहे आणि तिचे कारणही सर्वांत स्पष्ट आहे. बेसनातला स्टार्च साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी शोषून फुगतो आणि चिकट होतो. कोरडे पीठ उकळत्या पाण्यात एकदम पडले की गोळ्याचा बाहेरचा थर क्षणात चिकट होऊन बंद होतो, आत पाणी शिरू शकत नाही आणि कोरडे पीठ तसेच अडकून राहते. ती गुठळी मग कितीही उकळली तरी विरघळत नाही, कारण तिच्याभोवती आपणच भिंत बांधलेली असते.

म्हणून पीठ आधी थंड पाण्यात कालवावे, हे सगळेच सांगतात. पण कालवण्यातही एक चूक हमखास होते. एक वाटी बेसनात तीन वाट्या पाणी एकदम ओतून ढवळले तर गुठळ्या पाण्यावर तरंगत राहतात आणि चमच्याला चुकवतात. आधी केवळ अर्धी वाटी पाणी घालून घट्ट, भज्यांच्या पिठापेक्षाही दाट असे कालवण करावे. ते इतके दाट असते की चमचा फिरवताना पीठ पिठावर घासले जाते आणि गुठळ्या त्या घासण्यानेच मोडतात. ते गुळगुळीत झाल्यावर आणखी एक वाटी पाणी घालून सैल करावे, फोडणीत दीड-दोन वाट्या पाणी उकळत ठेवावे आणि हे कालवण एका हाताने बारीक धारेने सोडत दुसऱ्या हाताने सतत ढवळावे.

पेरून केलेले पिठले ही वेगळी रीत आहे आणि तिची चव अधिक चांगली लागते असे माझे मत आहे. तिच्यात फोडणीच्या उकळत्या पाण्यात कोरडे पीठ डाव्या हाताच्या चिमटीतून भुरभुरवत उजव्या हाताने ढवळत राहतात. वर सांगितलेल्या कारणाने हे गुठळ्यांना आमंत्रण वाटेल, आणि ढीग टाकला तर ते तसे ठरतेही. पण चिमूट खरोखरच चिमटीएवढी असली, पीठ चाळलेले असले आणि आच मंद असली, तर प्रत्येक कण सुटा भिजतो. पीठ आधी चमचाभर तेलात खमंग भाजून घेतले असेल तर कणांवर तेलाचा पातळ लेप बसतो आणि काम आणखी सोपे होते. नवख्याने मात्र कालवण्याच्या वाटेनेच जावे.

गुठळ्या होऊन गेल्याच असतील तर पातेले खाली उतरवून रवीने घुसळावे. ताक घुसळायची लाकडी रवी या कामाला चमच्यापेक्षा कितीतरी सरस ठरते. पिठले पातळ झाले म्हणून वरून कोरडे बेसन भुरभुरवू नये. ते थोडे थांबल्यावर आपोआप आळते, आणि तेवढ्याने भागले नाही तर चमचाभर पीठ थंड पाण्यात कालवून सोडावे. उलट ते फार घट्ट झाले तर त्यात उकळतेच पाणी घालावे. आळलेल्या पिठल्यात थंड पाणी ओतले की ते एकजीव होत नाही, त्याचे तुकडे पाण्यात पोहू लागतात.

पिठले दिसायला झाले पण खाताना कच्चट लागते, ही दुसरी तक्रार गुठळ्यांइतकीच वारंवार ऐकू येते. पीठ दाट होणे आणि पीठ शिजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाटपणा दोन मिनिटांत येतो, पण हरभऱ्याचा कच्चा वास जायला झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटे द्यावीच लागतात. रटरट आवाज करीत जाड बुडबुडे फुटू लागले, कडेने पिठले सुटू लागले आणि वर हलकी तकाकी आली की झाले असे समजावे. तळाशी धरलेली खरपुडी ही चूक नसून बक्षीस आहे, आणि आमच्या घरी तिच्यावरून अजूनही भांडण होते. एवढे शिजवूनही पिठले कडवटच लागत असेल तर बेसन जुने आहे. त्यातल्या तेलाला खवट वास येऊ लागला की त्यावर कोणताही मसाला चालत नाही, ते टाकूनच द्यावे.

कोकणातल्या कुळथाच्या पिठल्यासाठी ही यातायात कमी करावी लागते, कारण कुळीथ भाजून मगच दळलेले असतात. ते मुळातच पातळ आणि भाताबरोबर खायचे असल्यामुळे पाणी सढळ हाताने घ्यावे आणि आमसुले शेवटी टाकावीत.

डाळ शिजतच नाही

तीन वर्षांपूर्वी ऐन एप्रिलमध्ये आमच्याकडे तुरीची डाळ शिजायची बंद झाली. चार शिट्ट्यांची डाळ आठ शिट्ट्यांनंतरही दातांखाली लागू लागली. मी वाण्याला दोष दिला, दुकान बदलले, महागाची डाळ आणली आणि तीही तशीच राहिली. अखेरीस एका शेजारणीने विचारले, "अहो, टँकर कधीपासून येतोय?" उन्हाळ्यात नळाचे पाणी कमी पडते म्हणून इमारतीने टँकर लावला होता आणि त्यात बोअरचे पाणी येत होते. डाळ तीच होती, पाणी बदलले होते.

बोअरच्या जड पाण्यात कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमचे क्षार जास्त असतात. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारे पेक्टिन शिजताना विरघळले की डाळ मऊ होते. हे क्षार त्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतात आणि डाळ टणक राहते. घरातल्या गीझरवर किंवा पाणी तापवण्याच्या भांड्यात पांढरा खरखरीत थर धरत असेल आणि साबणाला फेस येत नसेल, तर डाळीबद्दल वाण्याशी भांडण्याआधी पाण्याकडे पाहावे.

खात्री करून घेण्याची रीत सोपी आहे. दोन छोट्या पातेल्यांत मूठ-मूठ डाळ घ्यावी, एकात नळाचे आणि दुसऱ्यात पिण्याच्या यंत्रातून गाळलेले, म्हणजे क्षार काढलेले पाणी घालावे आणि दोन्ही शेजारी-शेजारी सारख्याच आचेवर उकळत ठेवावीत. गाळलेल्या पाण्यातली डाळ आधी फुटली तर दोष पाण्याचा आहे. दोन्ही सारख्याच टणक राहिल्या तर डाळ जुनी आहे, कारण उष्ण आणि दमट जागी महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या कडधान्याचा टणकपणा चांगल्या पाण्यानेही पुरता जात नाही. आणि दोन्ही उघड्या पातेल्यांत नीट शिजल्या, पण कुकरमध्ये शिजत नाहीत, असे आढळले तर संशय कुकरवर घ्यावा. झाकणाची रबरी रिंग सैल झाली की वाफ कडेने निसटत राहते. पूर्ण दाब धरलेल्या कुकरमध्ये आतले तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जाते. रिंग गळकी असेल तर ते १०० अंशांच्या वर फारसे सरकत नाही आणि आपण मात्र शिट्ट्या मोजत बसतो. शिट्टी हे वेळेचे माप नाही, हेही यानिमित्ताने सांगायला हवे. मोठ्या आचेवर चार शिट्ट्या चार मिनिटांत होऊ शकतात. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून घड्याळात पाहून तुरीच्या डाळीला दहा-बारा मिनिटे द्यावीत.

पाणी जड असल्याचे कळल्यावर उपाय एकच नेमका आहे: डाळीपुरते दोन-अडीच वाट्या पाणी गाळलेले घ्यावे. डाळ आधी अर्धा तास गरम पाण्यात भिजत ठेवली तर आणखी फरक पडतो. आंबट पदार्थ, म्हणजे चिंच, आमसूल, टोमॅटो, हे डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच घालावेत, कारण आंबटपणानेही पेक्टिन सुटायला वेळ लागतो. मीठ आधी घातल्याने डाळ शिजत नाही, ही समजूत घरोघरी आहे. पण भिजवण्याच्या पाण्यात चिमूटभर मीठ घातले तर उलट मदतच होते, कारण मिठातला सोडिअम त्या कॅल्शिअमची जागा घेतो. खाण्याचा सोडा घातल्याने डाळ झटपट गळते हे खरे असले, तरी त्याने ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो आणि चिमूट जरा मोठी झाली की आमटीला साबणासारखी चव येते, म्हणून मी तो वापरत नाही.

घाईच्या दुपारी मुळात तुरीचा हट्टच धरू नये, असेही मी म्हणेन. मसुराची किंवा मुगाची डाळ उघड्या पातेल्यातही वीस-पंचवीस मिनिटांत शिजते, तिच्यावर लसूण, सुकी मिरची आणि हिंगाची चरचरीत फोडणी ओतली की भाताशी आणखी काही लागत नाही.

कुकरात डब्यांत वरण-भात लावणाऱ्यांची एक स्वतंत्र तक्रार असते: डाळीचा खालचा थर शिजतो आणि वरचा कोरडा राहतो. डब्यात डाळीच्या दुप्पट ते अडीचपट पाणी आहे की नाही, एवढेच पाहावे. कुकरच्या तळाशी घातलेले पाणी डब्यात चढत नाही.

खिचडीचा गचका होतो, किंवा ती कोरडी राहते

एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ आणि तीन वाट्या पाणी या मापाने एका घरी मोकळी खिचडी होते आणि दुसऱ्या घरी त्याच मापाने लापशी होते. फरक तांदळाच्या वयाचा आणि जातीचा असतो. नव्या तांदळाला पाणी कमी लागते आणि त्याचा स्टार्च लवकर बाहेर येतो. वर्षभर मुरलेला जुना तांदूळ जास्त पाणी पितो आणि सुटा राहतो. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर हे मुळातच चिकट भाताचे तांदूळ आहेत, त्यांची मोकळी खिचडी करण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. त्यासाठी जुना कोलम घ्यावा. नवे पोते उघडले की पहिल्या दिवशी अर्धी वाटी पाणी कमी घालून पाहावे आणि जे माप जमेल ते डब्याच्या झाकणावर लिहून ठेवावे.

धुतलेले डाळ-तांदूळ दहा मिनिटे चाळणीत निथळत ठेवून मग फोडणीत दोन-तीन मिनिटे परतावेत आणि त्यात पाणी उकळतेच घालावे. थंड पाणी घातले तर ते उकळेपर्यंत तांदूळ कोमट पाण्यात भिजत पडतो आणि कडा गळू लागतात. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटे झाकण उघडू नये. तरीही गचका झालाच तर परातीत पसरून वाफ जाऊ द्यावी. आणि तेवढ्यानेही सुधारली नाही तर आणखी वाटीभर गरम पाणी व तूप घालून तिला सरळ मऊ, गुरगुट्या खिचडीचे रूप द्यावे आणि मेतकूट वाढावे. जेवणाऱ्याला मूळ बेत सांगण्याची गरज नसते.

उरलेल्या भाताला फोडणी देण्याच्या बाबतीत मात्र इतकी ढिलाई चालत नाही. शिजवल्यानंतरही तांदळात जिवाणूंचे काही बीजाणू जिवंत राहतात आणि भात तासन्‌तास उबदार ओट्यावर पडून राहिला तर ते वाढून त्यांतले काही असे विष तयार करतात की जे फोडणीच्या आचेनेही नष्ट होत नाही. रात्रीचा भात दुपारी वापरायचा असेल तर तो गार होताच फ्रिजमध्ये गेलेला असला पाहिजे. रात्रभर बाहेर राहिलेला भात वास येत नाही म्हणून चांगला, असे धरून चालू नये.

थालीपीठ दुभंगते, पोह्यांचा लगदा होतो

भाजणीतली ज्वारी, बाजरी, तांदूळ आणि डाळी यांत गव्हासारखा चिकटपणा नसतो, आणि गहू असला तरी तो भाजलेला व थोडा असतो. अशा पिठाला धरून ठेवण्याचे काम पाणीच करते, आणि ते गरम असेल तर अधिक चांगले करते, कारण गरम पाण्याने काही स्टार्च तिथेच फुलून चिकट होतो. दोन वाट्या भाजणीत बारीक चिरलेला कांदा, तिखट, मीठ आणि दोन चमचे कडकडीत तेल घालून, हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्याने पीठ मळावे आणि दहा मिनिटे झाकून ठेवावे. मळताच लगेच थापले तर कडा फाटतात. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा बरेच सैल असावे. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर उपडे टाकावे, फडके सोडवून घ्यावे, मधे आणि कडेला भोके पाडून प्रत्येकात तेल सोडावे आणि झाकण ठेवून खालची बाजू पूर्ण खरपूस होईपर्यंत हात लावू नये. दुभंगलेली निम्मी थालीपिठे लवकर उलटल्यामुळेच दुभंगलेली असतात.

कधीकधी हे सगळे करूनही पीठ जुळत नाही. मग त्याची विरी गेली आहे, म्हणजे पीठ जुने होऊन त्याची धरण्याची शक्ती गेली आहे, असे समजावे. भाजणीत बाजरी जास्त असेल तर जुन्या पिठाला कडवटपणाही येतो, कारण बाजरीच्या पिठातले तेल लवकर खवट होते. नुसती विरी गेलेल्या पिठात मूठभर कणीक मिसळून वेळ मारून नेता येते. कडवट झालेल्या पिठाला उपाय नाही.

पोह्यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. जाड पोहे चाळणीत ठेवून त्यांवरून पाणी ओतावे, हलकेच हात फिरवावा आणि निथळत ठेवावेत. ते भांड्यात बुडवून ठेवू नयेत. दहा मिनिटांनी दाणा बोटांत दाबून पाहावा, मधे कणी लागली तर पाण्याचा हबका मारावा. पातळ पोह्यांना हे स्नान सोसत नाही, ते दडप्यांसाठी राखून ठेवावेत.

जेवलो, पण तीन वाजता पुन्हा भूक लागली

ही एकच तक्रार पाण्याशी निगडित नाही, आणि बहुतेक लोक तिला तक्रार मानतही नाहीत. चहाबरोबर बिस्किटे खाऊन गप्प बसतात. दुपारी फक्त पोहे किंवा उपमा खाल्ला की असे होते, याचे कारण डब्यातल्या आकड्यांत आहे. १०० ग्रॅम कोरड्या पोह्यांत प्रथिने ७ ग्रॅमच्या आसपास असतात. तेवढ्याच बेसनात ती २० ते २२ ग्रॅम, मूगडाळीत आणि शेंगदाण्यांत २४ ग्रॅमच्या आसपास असतात. शिवाय धान्याच्या प्रथिनांत लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी असतो आणि डाळीत तो भरपूर असतो, म्हणून भाकरी-पिठले किंवा डाळ-भात ही जोडी एकट्या धान्यापेक्षा जास्त वेळ साथ देते.

तेव्हा पोहेच करायचे असतील तर दोघांत मिळून दोन मुठी शेंगदाणे घालावेत. सजावटीपुरते दहा दाणे घालून काही साधत नाही. त्याहून चांगला तोडगा म्हणजे मराठवाड्याकडे आणि नगरकडे करतात ते शेंगदाण्याचे झिरके. भाजलेल्या दाण्यांचे एक वाटी कूट, पाच-सहा लसूण पाकळ्या, तिखट आणि मीठ थोड्या पाण्याबरोबर वाटून फोडणीत टाकावे, तीन वाट्या गरम पाणी घालावे आणि सात-आठ मिनिटे उकळावे. भाकरी कुस्करून किंवा भातावर घेऊन खावे. इथे पाण्याची गोष्ट पुन्हा येतेच: दाण्याचे कूट उभ्या उभ्या आळत जाते, त्यामुळे उतरवताना झिरके हवे त्यापेक्षा पातळच दिसले पाहिजे. कूट कोरडेच पाण्यात टाकले तर ते तळाशी बसते आणि वर नुसते तिखट पाणी राहते, म्हणून ते वाटूनच घालावे.

राहता राहिली मटकी आणि चवळी. साडेबारा वाजता त्यांचा डबा उघडून उपयोग नसतो, कारण मटकीला सात-आठ तास भिजणे हवे असते आणि न भिजवता कुकरात घातली तर तिचे काही दाणे गळतात आणि काही खड्यासारखे राहतात. डबा उघडलाच आहे तर वाटीभर मटकी तेवढ्यातच पाण्यात टाकून ठेवावी, रात्री उपसून फडक्यात बांधावी, आणि आजच्या जेवणाला मसुराची डाळ लावावी.